जायचंय पण आणि नकोय पण

ताई,
न्यू जर्सीत येऊन आम्हाला १४ वर्षं झाली. त्यातली बहुतेक ग्रीन कार्डाच्या रांगेत गेली. कार्ड हातात येऊन जेमतेम तीन वर्षं होताहेत. सासूबाई ठाण्याला एकट्या असतात, वय ७६. यांचं म्हणणं, आता पुरे, याच वर्षी परत जाऊ. मुलगी १३ वर्षांची, जन्म इथलाच. मला जायचं आहे आणि नकोही आहे. डिसेंबरात मुंबईला उतरलं की वाटतं, इथेच राहावं. परतीच्या विमानात बसलं की हायसं वाटतं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटते. हे म्हणतात, 'तुझं नक्की काय ते एकदा ठरव.' सासूबाई चांगल्या आहेत, त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही. तरी विषय निघाला की पोटात गोळा येतो. माझंच काही चुकतंय का?
– एक वाचक

सासूबाई चांगल्या आहेत, तक्रार नाही, हे तुम्ही कुणी न विचारता लिहिलंत. मला वाटतं, गाठ तिथेच आहे.

परत जाण्याची चर्चा निघाली की लोक खड्डे, धूळ आणि ट्रॅफिकवर बोलतात. घोडबंदर रोडचं ट्रॅफिक भयंकर आहेच, पण त्याने कुणाच्या पोटात गोळा येत नाही. गेली १४ वर्षं तुमच्या घरात रविवारी किती वाजता उठायचं, कुणाला जेवायला बोलवायचं, सणाला काय करायचं आणि काय सोडून द्यायचं, हे तुम्ही ठरवलंत. ठाण्याला तुम्ही दरवर्षी तीन-चार आठवड्यांची पाहुणी सून असता, आणि पाहुण्या सुनेचे लाड होतात. कायमचं गेल्यावर यजमान पुन्हा आईचा मुलगा होतील, त्यांच्या पानात गरम पोळी पडेल. तुम्ही मात्र दुसऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात, तिच्या पद्धतीने उभ्या राहाल. सासू कितीही चांगली असली तरी हे होतं. याला घाबरण्यात लाजण्यासारखं काहीही नाही.

म्हणून गेलात तर वेगळं घर घ्या. त्याच सोसायटीत मिळालं तर उत्तम, नाहीतर पायी दहा मिनिटांवर. सुरुवातीला विकत घेऊ नका, अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने घ्या. लोक बोलतील, आठ दिवस बोलतील. आणि हे सासूबाईंना यजमानांनी सांगायचं. तुमच्या तोंडून गेलं तर ते सुनेचं कारस्थान ठरेल, त्यांच्या तोंडून गेलं तर मुलाचा निर्णय.

'नक्की काय ते ठरव' म्हणणं सोपं आहे. दोन मनं असताना निर्णय घेता येत नाही, असं काही नसतं. बहुतेक मोठे निर्णय तसेच घेतले जातात. तुमचं मन एक होण्याची वाट पाहिलीत तर ती संपायची नाही. त्यापेक्षा यजमानांना एक प्रश्न विचारा: उद्या आई नसल्या, तरी तुम्हाला ठाण्यात राहायचं आहे का? उत्तर 'हो' असेल तर ही त्यांची स्वतःची इच्छा आहे आणि त्यांनी ती तशी मांडावी. उत्तर 'नाही' असेल तर प्रश्न आईंच्या देखभालीचा आहे, आणि त्यासाठी अख्खं बिऱ्हाड हलवणं हा अनेकांतला एक उपाय झाला. केवळ कुणासाठी म्हणून परतलेली माणसं पुढे हिशेब मांडत बसतात, आणि तो बायकोलाच ऐकवला जातो.

आता मुलगी. तुम्ही दोघं परत जाणार, ती मात्र देश सोडणार आहे. तुम्ही तिशीच्या आसपास, स्वतःच्या मर्जीने जे केलंत ते ती तेराव्या वर्षी, न विचारता करणार. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. घरात मराठी कळणं वेगळं आणि वर्गात निबंध लिहिणं वेगळं. पुढे मेडिकलचा विचार असेल तर तिचं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळतं ते) कधीचं आहे ते पाहा. ४ मार्च २०२१ नंतर कार्ड काढलेल्या मुलांना नीट या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेतून एनआरआय (अनिवासी भारतीयांच्या) जागांवरच प्रवेश मिळतो. त्याआधीच्या कार्डधारकांचा सर्वसाधारण जागांचा जुना हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये राखला आहे.

खरी अडचण पुढे आहे. ग्रीन कार्डावर नागरिकत्वासाठी साधारण पाच वर्षं लागतात, म्हणजे तुम्हाला अजून दोन. सलग वर्षभर बाहेर राहिलात तर ती मोजणी तुटते आणि कार्डही धोक्यात येतं. री-एन्ट्री परमिटने, म्हणजे बाहेर राहून परत येण्याच्या आगाऊ परवानगीने, दोन वर्षांपर्यंत कार्ड सांभाळता येतं, नागरिकत्वाची मोजणी मात्र वाचत नाही. परमिटचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो, तिकीट काढून मग नव्हे. म्हणजे कागद सांगतात दोन वर्षं थांबा. पण दोन वर्षांनी मुलगी १५ ची, ऐन दहावीच्या तोंडावर. माझ्या मते हा मधला पर्याय सगळ्यांत वाईट. एकतर आत्ता परमिट घेऊन जा, किंवा तिचं हायस्कूल होईपर्यंत थांबा, नागरिकत्व घ्या आणि तोवर यजमानांनी वर्षातून दोनदा महिना-महिना आईंजवळ राहावं. कोणता पर्याय, ते आईंच्या तब्येतीवर ठरेल. पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही.

पैशांचं थोडक्यात: इतक्या वर्षांनी परतणाऱ्यांना पहिली दोन-तीन आर्थिक वर्षं 'आरएनओआर' (निवासी, पण सामान्यतः निवासी नसलेला) हा आयकरातला दर्जा मिळतो, त्यात परदेशातल्या उत्पन्नावर सहसा भारतात कर लागत नाही. एनआरई खाती, म्हणजे अनिवासी भारतीयांची बँक खाती, मात्र परतल्यावर बदलून घ्यावी लागतात. ग्रीन कार्ड ठेवलंत तर अमेरिकेचं रिटर्न दरवर्षी भरायचंच. दोन्हीकडचं कळणारा सीए आधी गाठा, भाच्याच्या मित्रावर सोडू नका.

आणि डिसेंबरातल्या भेटीवरून काहीही ठरवू नका. डिसेंबरात हवा छान, लग्नं, हुरडा, सगळे रजेवर. मुलीच्या शाळेला जूनअखेरीस सुट्टी लागते, तेव्हा ठाण्यात शाळा सुरू झालेल्या असतात आणि पाऊस धो धो. ते दोन महिने तिथे राहा, पण सासूबाईंच्या घरी नव्हे, जवळच भाड्याने. ऑफिसने तिथून काम करायची परवानगी दिली तर तेही करा. विजेचं बिल भरा, बँकेत खेपा घाला, मावशींनी न सांगता दांडी मारलेली सकाळ अनुभवा. मुलीला एखाद्या शाळेत दोन दिवस बसू देतात का, विचारा. त्यानंतर पोटातल्या गोळ्याचं काय होतं ते पाहा.

जाण्याआधी सासूबाईंशी बोला. मुलगा 'तुझ्यासाठी येतोय' म्हणतो, पण त्यांना काय हवंय हे कुणी विचारल्याचं पत्रात दिसत नाही. ७६ व्या वर्षीही त्यांचं भजनी मंडळ असेल, शेजारणी असतील, संध्याकाळची मालिका असेल. तुम्ही तिघं आलात तर त्यांना काय बदलावं लागेल, ते त्यांच्याकडून ऐका, आणि त्या वेळी फोनवर मुलगा नको, तुम्ही असा.