पश्चिमेची भिंत आधी, कॅटलॉग नंतर

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नाशिकच्या मखमलाबादला पश्चिममुखी दुमजली बंगला, वरचा स्लॅब टाकून झालाय. आता सगळीकडे यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या) खिडक्या घ्याव्यात की ॲल्युमिनियम, दर्शनी भिंतीला पूर्ण दगड लावावा का, आणि गच्चीवर पत्रा टाकावा का? मी पाथर्डी फाट्याला स्वतः उभं राहून घर बांधलंय, तेव्हा त्यातल्या चुकांवरून सांगतो.

आधी ते ‘सगळीकडे’ काढून टाका. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून झोडपतो, आणि एप्रिल-मेचं चार वाजताचं ऊनही तिकडूनच येतं. दक्षिणेचं ऊन दोन फुटांच्या छज्ज्याने अडतं, पश्चिमेचं नाही, कारण सूर्य तोवर खाली आलेला असतो. त्यामुळे खर्चाचा जोर पश्चिमेला ठेवा. पूर्व-उत्तरेला साधी ॲल्युमिनियम स्लायडिंग खुशाल बसवा.

माझं काय झालं ते ऐका. हॉलला पश्चिमेकडे सहा बाय पाच फुटांची थ्री ट्रॅक, म्हणजे तीन रुळांची सरकती खिडकी बसवली. पहिल्याच जुलैत दिवाण भिजला. मी आधी छज्ज्याला दोष दिला, मग मिस्त्रीला. शेवटी गुडघ्यावर बसून पाहिलं तर खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने पाणी जाण्यासाठी जी बारीक भोकं असतात, ती फिटिंगवाल्याने फिनिशिंग छान दिसावं म्हणून सिलिकॉनने बुजवली होती! ट्रॅक म्हणजे पन्हळच झाली होती, फक्त तिचं तोंड घरात. स्क्रू ड्रायव्हरने भोकं मोकळी केली, भसकन पाणी बाहेर गेलं. त्यातही ग्रॅनाइटची खालची पट्टी सपाट होती, बाहेर उतार नव्हता. ती उखडून पुन्हा बसवली तो खर्च वेगळाच.

म्हणून पश्चिमेला झडपांची, म्हणजे बाहेर उघडणारी खिडकी घ्या. तिला चारी बाजूंनी रबर असल्याने ती घट्ट बसते, शिवाय पूर्ण उघडते, स्लायडिंग अर्धीच उघडते. पण झडप बाहेर उघडली की गज आत येतात, आणि जाळी त्याच्याही आत. गजातून हात घालून कडी लागते का, हे कागदावर नाही, जागेवर हात घालून बघा. यूपीव्हीसी चांगलं, मात्र मोठ्या मापात आत गॅल्व्हनाइज्ड स्टीलची पट्टी आहे का ते कापलेल्या तुकड्यात बघून घ्या. ती नसेल तर प्लास्टिकची चौकट वाकते, झडप अडकायला लागते. स्वस्त पांढरं प्रोफाइल उन्हात पिवळं पडतं ते वेगळं.

दरवाजांबद्दल फार लिहीत नाही. मुख्य दाराला साग, चौकटही सागाचीच. ‘आफ्रिकन साग’ आणि बल्लारशा साग यांत फरक आहे, बिलावर लिहून घ्या. बाथरूमला ग्रॅनाइटची चौकट आणि डब्ल्यूपीसीचं, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेलं दार. तिथे लाकूड लावणं म्हणजे वाळवीला आमंत्रण. आतल्या खोल्यांना फ्लश डोअर (सपाट प्लायची दारं) पुरतात, फक्त दाराची खालची कडा पॉलिशवाल्याकडून रंगवून घ्या. ती दिसत नाही म्हणून सगळे सोडतात, आणि फरशी पुसायचं ओलं पोतं तिथेच लागतं.

छपराचं. आपल्या जिल्ह्यातच बघा, इगतपुरी-पेठकडे उतरती कौलं आणि येवल्या-मालेगावकडे धाब्याची घरं. पावसाने छप्पर ठरवलंय. नाशिक शहर मध्ये बसतं, त्यामुळे स्लॅब चालतो, पण वीटतुकड्यांचा कोबा, म्हणजे स्लॅबवरचा गळती थांबवणारा थर, नीट करून घ्या. शंभरला एक उतार, भिंत आणि कोबा भेटतो तिथे गोल वाटा (कोपरा गोलाकार भरून), आणि मग तीन दिवस पाणी साठवून खालचा स्लॅब बघायचा. वर पांढरी चायना मोझेक (चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी) टाकली तर वरची खोली बऱ्यापैकी थंड राहते. पत्र्याची शेड मी टाकणार नाही. पावसात टीव्ही ऐकू येत नाही, आणि तिला परवानगी लागते का ते आधी आर्किटेक्टला विचारा.

आता दगड. काळा बेसाल्ट इथलाच, दिसतोही सुंदर, जुन्या नाशकातल्या वाड्यांची जोती पाहा की. पण वाड्यात तो दगड भार घेतो, तुमच्याकडे तो भिंतीला चिकटवलेला असणार. प्रवेशाच्या बाजूचा एक पट्टा पुरे. वर न्यायचा असेल तर नुसत्या सिमेंटवर नको, भिंतीत धातूच्या पिना मारून दगड अडकवून घ्या. बाकी भिंतीला दोन थरांचा गिलावा, बाहेरचा थर सँडफेस, म्हणजे वाळूचा खरखरीत. कॉलम आणि वीट जिथे भेटतात तिथे गिलाव्याआधी कोंबडीजाळी मारलीच पाहिजे. ती उभी, सरळ रेषेतली भेग दिसते ना बंगल्या-बंगल्यांवर, ती बहुतेक वेळा जाळी न मारल्याचीच. टेक्श्चरची, म्हणजे खडबडीत नक्षीच्या लेपाची, मला हौस नाही. खळग्यांत धूळ बसते आणि पहिल्या पावसात भिंतीवर ओघळ उमटतात.

छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून इंचभर आत, एक खाच ओढून घ्या. थेंब तिथेच सुटतो, भिंतीपर्यंत जात नाही. गिलावा ओला असताना मिस्त्री फुकट करून देतो, वाळल्यावर कटर लावावा लागतो.

आणि खिडकीवाल्याचा शेवटचा हप्ता देण्याआधी स्वतः एक तांब्या पाणी ट्रॅकमध्ये ओता. बाहेर आलं तर पैसे द्या.