'लाइफ गेन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाचे नियम मराठीत लिहून काढताना 'लाइफ गेन डेक बिल्ड करणे' याला 'जीवनप्राप्ती संच बांधणे' म्हटलं तर चालेल का?

मी तरी नको म्हणेन. 'जीवनप्राप्ती' ऐकलं की मोक्षप्राप्ती आठवते, आणि इथे तर साधा हिशेब आहे: 'लाइफ' म्हणजे खेळाडूजवळचा एक आकडा, आणि 'लाइफ गेन' म्हणजे तो वाढणं. खेळाडू 20 वर सुरू करतो, 'कमांडर' प्रकारात 40 वर. शून्यावर आला की हरला.

सरळ 'जीव' म्हणावं असं मलाही आधी वाटलं होतं. पण 'सोल वॉर्डन' या पानावरचा मजकूर मराठीत करून पाहा: 'दुसरा जीव मैदानात आला की तुम्हाला एक जीव मिळतो.' वाचणारा गोंधळणारच, कारण 'क्रीचर'लाही (मैदानात उतरून लढणाऱ्या पानाला) आपण सहज जीवच म्हणतो. मग मोजायच्या गोष्टीला 'प्राण' म्हणू या. 'पंचप्राण'मुळे प्राण मोजायची कानाला सवय आहे. 'दुसरा जीव मैदानात आला की तुम्हाला एक प्राण मिळतो.' आता कुठे अडखळायला होत नाही. 'आयुष्य' मात्र वर्षांत मोजलं जातं, ते बाद.

क्रियापद निवडताना 'भरून येणे' टाळा. जखम भरून येते ती पूर्वीइतकीच. पोकेमॉनच्या पत्त्यांत तसंच होतं: झालेली इजा उतरते, मूळ ताकद वाढत नाही. मॅजिकमध्ये प्राणांना वरची मर्यादाच नाही. एकही फटका न खाता 20 चे 27 होतात. तेव्हा प्राण 'मिळतात' किंवा 'वाढतात'.

'डेक' राहू द्या. 'कॅट' म्हटला की 52 पानं ठरलेली. इथे किमान 60 पानं खेळाडू स्वतः निवडतो. आणि डेक बांधण्यापेक्षा 'जुळवावा'. नुसते प्राण वाढवून समोरचा हरत नाही, डाव फक्त लांबतो. प्राण देणारं पान आणि ते मिळाल्यावर जोर धरणारं पान, दोघांची जोडी जमावी लागते. ('फेलिडार सॉव्हरिन' हा अपवाद: ते मैदानात असताना तुमच्या पाळीच्या आरंभी 40 किंवा जास्त प्राण असले, तर डाव तुमचा.)

खरी गोम पुढे आहे. 'अजानीज प्राइडमेट' हा दोन-दोन ताकदीचा (माराची ताकद दोन, तग धरण्याची दोन) जीव. प्राण मिळाले की त्याच्यावर या दोन्ही ताकदी एक-एकने वाढवणारी खूण ठेवायची. नवखा खेळाडू पाच प्राण मिळाले की पाच खुणा ठेवतो. चूक! पाच प्राण एकदम मिळाले तर खूण एकच. उलट सोल वॉर्डन मैदानात असताना तीन जीव एकाच वेळी आले, तर प्राण एकेक करून तीनदा मिळतात आणि खुणाही तीन पडतात. म्हणजे पाच प्राण देणाऱ्या एका पानापेक्षा हा एकेक प्राण इथे जास्त कामाचा. 'जितके' आणि 'जितक्यांदा' यांतला हा फरक आहे, आणि त्यासाठी मराठीत नेमका शब्द आहे: खेप. 'प्राण मिळण्याच्या दर खेपेला एक खूण ठेवा' असं लिहा.