२५ हजारांची हार्डटेल घेऊन हळूहळू अपग्रेड करावी का?

तुम्ही विचारलंय की कोल्हापुरात राहतो, पन्हाळा आणि मसाई पठार करायचं आहे, २५ हजारांची हार्डटेल (फक्त पुढं शॉकअप असलेली डोंगरी सायकल) घेऊन पगार होईल तसा एकेक पार्ट बदलत गेलो तर चालेल का?

चालेल, पण सगळ्याच सायकलींना चालत नाही. मी हात पोळून घेतलेत म्हणून सांगतो.

माझी पहिली १८ हजारांची. पुढं शॉकअप, डिस्क ब्रेक, २१ गिअर, रंग तर झकासच. वाघबिळाचा चढ दम खात चढलो आणि गडावर पोचल्यावर वाटलं, आता काय राहिलं! मग मसाईवर गेलो. तिथले जांभ्याचे दगड वेगळेच. तिसऱ्या फेरीत मागचं चाक डुलायला लागलं. मिस्त्रीनं चाक खोललं तर एक्सल वाकलेला. कारण ७ गिअरचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचा दात्यांच्या चकत्यांचा जुन्या पद्धतीचा गठ्ठा. ते हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) आट्यांवर फिरवून बसवतात, त्यामुळं उजवीकडचं बेअरिंग बरंच आत राहतं आणि एक्सलचा लांब तुकडा बिनआधाराचा उरतो. कॅसेट म्हणजे नव्या पद्धतीचा गठ्ठा; तिच्या हबमध्ये बहुतेक वेळा हा आधार पार टोकाजवळ असतो.

कॅसेट लावायची म्हणून नवं चाक घेतलं. चाकाबरोबर शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) आला, डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा पार्ट) आला, चेन आली. १४ हजार गेले. शेवटी शॉकअप बदलायला निघालो तर कळलं की चांगल्या एअर फोर्कचा, म्हणजे हवेवर चालणाऱ्या शॉकअपचा, पाईप आता वर बारीक आणि खाली दीड इंच असतो, आणि माझ्या फ्रेमचं नळकांडं वरपासून खालपर्यंत एकाच मापाचं. तो जुना शॉकअप शेवटपर्यंत तसाच राहिला.

म्हणून दुकानात गिअरच्या स्टिकरकडं बघू नका. मागचा डिरेलर भारीतला लावायचा आणि बाकी सगळं साधं, ही जुनी युक्ती आहे. बघायचं ते हे: हेडट्यूब (फ्रेमचं पुढचं नळकांडं, ज्यात शॉकअपचा पाईप बसतो) खाली रुंद होत जाणारी आहे का, आणि मागं कॅसेट आहे का. थ्रू-एक्सल (चाकातून आरपार जाऊन फ्रेममध्ये आवळला जाणारा जाड एक्सल) मिळाला तर उत्तमच. या गोष्टी फ्रेम आणि चाकाबरोबरच येतात, नंतर बदलायच्या म्हटलं तर माझ्यासारखं आख्खं चाक, नाहीतर फ्रेमच बदलावी लागते.

आता पैसे कुठं घालायचे? आधी टायरवर. खरं तर त्याच्याही आधी हवेवर, ती फुकट आहे. पंक्चरवाला सवयीनं ५० पीएसआय ठोकतो आणि मग आपण शॉकअपला शिव्या घालतो. सव्वादोन इंची टायर, ट्यूब असलेली, वजन सत्तरच्या आसपास, तर २८-३० पुरे. गेजवाला पंप घरी ठेवाच. त्यानंतर वायरचे ब्रेक काढून हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, बसवा. गडावरून उतरताना बोटं दुखायची थांबतात. शिमानो या कंपनीच्या ब्रेकला मिनरल ऑइलच घालायचं. कुणी डॉट फ्लुइड (गाड्यांचं ब्रेक ऑइल) ओतलं तर सील फुगून ब्रेक वाया जातो.

गिअरचं म्हणाल तर पुढं ३२ दात्यांची एकच चकती आणि मागं ११-५१ ची कॅसेट (सगळ्यात लहान चकती ११ दात्यांची, मोठी ५१ ची), एवढ्यात आपल्याकडचे चढ निघतात. इथं एक मेख आहे. शिमानोची ११ स्पीडवाली ११-५१ नेहमीच्या फ्रीहबवर (हबच्या ज्या भागावर कॅसेट चढते त्यावर) बसते, पण १२ स्पीडच्या १०-५१ ला मायक्रोस्प्लाईन नावाच्या वेगळ्या खाचांचा हब लागतो. मला दुकानात हे कुणी सांगितलं नव्हतं.

फोर्क सगळ्यात शेवटी. १०० मिमी दबणारा काढून १२० मिमीचा लावलात तर हँडलचा कोन साधारण एक अंशानं मागं झुकतो, ते चालतं. १४० चा मोह नको; फ्रेम तेवढ्यासाठी बनवलेली नसते.

आणि नुसतं डांबरी रस्त्यानं जोतिबा-पन्हाळा करणार असाल तर हार्डटेल घेऊच नका. शॉकअपचं वजन उगाच चढावर ओढत बसाल, हायब्रिड (रस्त्यासाठीची, सरळ हँडलची हलकी सायकल) घ्या.

मी तुमच्या जागी असतो तर २५ हजारांत नवी न घेता दोन-तीन वर्षं वापरलेली, मूळ ४५-५० हजारांची शोधली असती. बघायला जाल तेव्हा शॉकअपच्या चकचकीत नळ्यांवरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथं ओरखडा आहे, सील लवकर जाणार. मग एकतर किंमत पाडून मागा, नाहीतर चहा पिऊन परत या.