ते टी-टी वाजणारं मशीन

प्रश्न : ताई, आई पाच दिवसांपासून नाशिकला आयसीयूत आहे, इन्फेक्शन रक्तात गेलं म्हणे आणि बीपी वरच येत नव्हतं. तिच्या कॉटजवळ स्टँडला मशीन लावलंय, त्यात मोठी सिरिंज आडवी बसवलेली आणि वर ३.० असा आकडा. मी तासभर बघत बसलो, दट्ट्या काही हलत नाही, आणि मग एकदम टी-टी वाजायला लागतं की आमचा जीवच जातो. बिलात सिरिंज पंपाचे पैसे रोज वेगळे. साध्या सलाईनच्या चाकाने हे औषध जात नाही का? आमच्या द्राक्षबागेला ड्रिप आहे, व्हॉल्व्ह फिरवला की झालं. — एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : भाऊ, दट्ट्या हलतोय, फक्त डोळ्याला दिसत नाही. ३.० म्हणजे तासाला ३ एमएल. तुमच्या बागेतला ड्रिपर तासाला २ नाहीतर ४ लिटर टाकतो, त्याच्याशी तुलना करून बघा. साध्या सलाईन सेटचे २० थेंब म्हणजे १ एमएल, म्हणजे हा हिशोब मिनिटाला एक थेंब असा होतो. आता चाक फिरवून मिनिटाला एकच थेंब, तोही रात्रभर, कोण धरून ठेवणार? बाटली रिकामी होत गेली, पेशंटने कोपर वाकवला, कोणी स्टँड खालीवर केला, की चाकाचा स्पीड बदलतो. अँटिबायोटिकला चालतं ते. पण बीपी वाढवायचं नॉरॲड्रिनॅलिन असेल (तुम्ही सांगताय त्यावरून तेच असावं, लेबल वाचा) तर चालत नाही, कारण ते बंद पडलं की दोन-चार मिनिटांत बीपी खाली येतं.

मशीनमध्ये जादू काही नाही, छोटी मोटर बारीक आट्यांचा स्क्रू फिरवते आणि तो दट्ट्याला ढकलतो. ५० एमएलची सिरिंज ३ च्या रेटने साधारण साडेसोळा तास पुरते, मग तासाभरात तुम्हाला काय दिसणार!

वाजतं ते बहुतेक वेळा सिरिंज संपत आली म्हणून, किंवा नळी दुमडली म्हणून, किंवा प्लग निघाला आणि बॅटरीवर गेलं म्हणून. प्लग कोण काढतं माहितीये? नातेवाईक, मोबाईल चार्जिंगला लावायला. मी स्वतः पकडलेत.

नळी दुमडली तर आलार्म लगेच वाजत नाही हं. मोटर ढकलत राहते, आत प्रेशर साठत जातं, तुमच्या ड्रिपच्या नळ्यांची (लॅटरलची) तोंडं चोकअप झाली की कसं होतं तसंच, आणि रेट कमी असेल तर वाजायला अर्धा तास पण लागू शकतो. मी नर्सिंगला नवीन असताना असाच आलार्म वाजला, बघते तर थ्री-वेचा (नळीच्या जोडावरच्या तीन तोंडांच्या छोट्या कॉकचा) खटका बंद राहिलेला, मी घाईघाईत सरळ उघडला आणि साठलेलं औषध एकदम आत गेलं, मॉनिटरवर बीपी १९० दिसायला लागलं. पाचेक मिनिटांत खाली आलं, पण माझे हात दुपारपर्यंत थरथरत होते, सिनियर सिस्टर काय बोलल्या ते इथे लिहिता यायचं नाही. आधी प्रेशर सोडायचं आणि मग लाईन उघडायची, हे त्या दिवशी कळलं ते कायमचं.

म्हणून तुम्ही आलार्मचं बटन दाबू नका, सिस्टरला हाक मारा, आणि मशीन उचलून वरखाली तर अजिबात करू नका, त्यानेसुद्धा औषध कमीजास्त जातं. सिरिंज संपायच्या आधी दुसरी भरून तयार आहे ना, एवढं मात्र बिनधास्त विचारा, चांगल्या सिस्टरला त्याचा राग येत नाही.

पैशाचं म्हणाल तर पंपाचं भाडं सहसा दर पंपामागे दर दिवशी लावतात. आईच्या चार्टवर सिस्टर तासातासाला रेट लिहितात, त्यावरून किती दिवस किती पंप चालले ते कळतं. बिलिंग काउंटरला तो चार्ट समोर ठेवून दिवस मोजून घ्या, पंप काढल्यानंतरच्या दिवसाचे पैसे लागलेले मी दोनदा तरी बघितलेत, दाखवल्यावर कमी करून दिले.