पायडल, पेडल, ट्रेडल आणि पावडा

एका परिचितांचा प्रश्न आला आहे. गावातल्या जुन्या यंत्रांचं छोटं प्रदर्शन भरवायचं आहे आणि प्रत्येक वस्तूपुढे मराठीत माहितीची पाटी लावायची आहे. वस्तू अशा: शिवणयंत्र, हातमाग, पायपेटी, सायकल, छापखान्याचं यंत्र आणि भात झोडायचं यंत्र. प्रत्येकात पायाने चालवायचा एक भाग आहे. इंग्रजीत त्याला कुठे पेडल म्हणतात, कुठे ट्रेडल. ते विचारतात, मराठीत या सगळ्यांना मिळून एक शब्द आहे का? आणि आमच्याकडे सर्रास ‘पायडल’ म्हणतात, ते पाटीवर लिहिलं तर अशुद्ध दिसेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते मला जास्त जवळचं आहे. अशुद्ध दिसणार नाही. बिनधास्त लिहा.

पेडल हा शब्द मुळात लॅटिनचा. लॅटिनमध्ये ‘पेस’ म्हणजे पाऊल, आणि त्याची विभक्ती लागताना होणारी रूपं ‘पेद-’ ने सुरू होतात. त्यावरून इटालियन ‘पेदाले’, तिथून फ्रेंच आणि मग इंग्रजी. इंग्रजीत सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द आला तो चर्चमधल्या ऑर्गनच्या पायाने दाबायच्या पट्ट्यांसाठी. सायकल तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. म्हणजे वयाने पाहिलं तर पेडल हा आधी वाद्याचा शब्द, वाहनाचा खूप नंतरचा.

आता आपला ‘पाय’. संस्कृत ‘पाद’, प्राकृतात दोन स्वरांमधला द गळून ‘पाअ’, ‘पाय’, आणि मराठीत पाय. संस्कृत ‘पाद’ आणि लॅटिन ‘पेद-’ ही एकाच घरातली भावंडं आहेत, हे भाषाशास्त्रात पक्कं ठरलेलं आहे. इंग्रजी ‘फूट’ही त्याच घरातलं, त्या शाखेत प चा फ झाला आणि द चा ट. ‘पायजमा’ फारसीतून आला, त्याच्या तोंडाशी असलेला ‘पाय’ फारसीतला, पण तोही याच कुळातला. गंमत बघा, मराठी माणसाने ‘पेडल’ ऐकलं, त्याला त्यात पाय दिसला आणि त्याने ‘पायडल’ केलं. अशा लोकव्युत्पत्ती बहुतेक वेळा चुकीच्या वाटेने जातात. ही नेमकी खऱ्या मुळाशी जाऊन पोहोचली. दोनेक हजार वर्षांपूर्वी आपल्या पायातला जो द गळून पडला होता, तो युरोप फिरून ड च्या रूपाने परत आपल्या पायाला येऊन चिकटला. ज्या कुणी पहिल्यांदा सायकलच्या दुकानात ‘पायडल’ म्हटलं असेल त्याला हे ठाऊक असण्याचं कारण नाही, पण त्याच्या कानाचं मला मनापासून कौतुक वाटतं. काही ठिकाणी ‘पायंडल’ असंही ऐकू येतं. तेही त्याच वाटेवरचं.

‘पॅडल’ मात्र पाटीवर टाळा. ते वेगळं. पॅडल म्हणजे वल्हं, आणि त्याचा पायाशी संबंध नाही. दोन्ही शब्द एकत्र नांदतात ते तलावावरच्या पायाने चालवायच्या होडीत: बसणारे पायडल मारतात आणि मागे पाण्यात पॅडल, म्हणजे वल्ह्यांचं चाक, फिरतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावावर अशा होडीत बसलेल्यांनी दोन्हीपैकी काहीही म्हटलं तरी ते चुकत नाहीत. इतरत्र चुकतात.

आता पहिला प्रश्न, एकच शब्द आहे का? नाही. आणि माझ्या मते तो नसण्यात काही उणेपणा नाही, कारण मराठीने हा भेद दुसऱ्या जागी ठेवला आहे. तो क्रियापदात आहे.

मोटारीचा ब्रेक आपण ‘दाबतो’. सायकलचं पायडल ‘मारतो’. शिवणाचं यंत्र पायाने ‘चालवतो’. ब्रेक मारतात हे खरं, पण ते ब्रेक लावण्याच्या क्रियेबद्दल, पायाखालच्या पट्टीबद्दल नाही. ‘ब्रेकचं पेडल मार’ असं कुणी म्हणत नाही. आणि ‘सायकलचं पायडल दाब’ असं म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, सायकल चढावर अडली आहे आणि उभं राहून जोर लावायला सांगताहेत. पायाची शक्ती यंत्रात सलग ओतायची असेल तर मारणे. नुसता इशारा द्यायचा असेल, ताकद इंजिनाची, तर दाबणे. इंग्रजीला दोन्हीकडे पेडलच लागतं. आपल्या क्रियापदांनी हे काम किती चोख सांभाळलंय ते लक्षात घेतलं पाहिजे.

इंग्रजीतला ट्रेडल हा शब्द ‘तुडवणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून निघालेला, आणि जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ पायरी असा होता. साधारण भेद असा करतात: पाऊल वर्तुळात फिरत असेल तर पेडल, वर-खाली किंवा पुढे-मागे झुलत असेल तर ट्रेडल. पण हा भेद इंग्रजीही नीट पाळत नाही. ऑर्गनची पट्टी वर-खालीच होते आणि तिलाच तर पहिल्यांदा पेडल म्हटलं गेलं.

ट्रेडल मराठीत आलाच नाही असं समजू नका. तो छापखान्यात आला आणि चांगला मुरला. ज्यांनी तालुक्याच्या गावातले जुने छापखाने पाहिले आहेत त्यांना ‘ट्रेडल’ माहीत असतो. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं सगळी ट्रेडलवर निघायची. अक्षरांचे खिळे जुळवून चौकट यंत्रात उभी बसवायची, शाईचे रूळ तिच्यावरून फिरायचे, आणि यंत्राचा जबडा मिटला की कागदावर ठसा उमटायचा. हे यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत जॉर्ज गॉर्डन यांनी लोकप्रिय केलेल्या घडणीचं. छापणारा उभा राहून एक पाय खालच्या फळीवर मारत राही आणि दोन्ही हात कागद घालायला-काढायला मोकळे. पुढे विजेची मोटर बसली, पायाखालची फळी निघून गेली, तरीही कामगार त्या यंत्राला ट्रेडलच म्हणत राहिले. इंग्रजीत जो एका भागाचा शब्द होता तो मराठीत अख्ख्या यंत्राचं नाव झाला. म्हणून पाटीवर यंत्राचं नाव ‘ट्रेडल’ असंच द्या, आणि खाली लिहा की पायाने मारायच्या फळीवरून हे नाव पडलं. तिथे दुसरा शब्द बनवायला गेलात तर छापखान्यात आयुष्य घालवलेला माणूस पाटी वाचून ‘हे कुठलं यंत्र?’ असं विचारेल.

हातमागाचं तसं नाही. तिथे आपला स्वतःचा शब्द आहे. येवल्याचे पैठणी विणणारे त्याला ‘पावडा’ म्हणतात. विणकर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसतो. एक पावडा दाबला की त्याला दोरीने बांधलेली वही, म्हणजे ताण्याचे धागे ओवलेली चौकट, खाली ओढली जाते, दुसरी वर उचलली जाते, ताण्याचे धागे दोन थरांत फाकतात आणि त्या फटीतून धोटा पलीकडे जातो. मग दुसरा पावडा, थर उलटे होतात, धोटा परत येतो. हात धोट्यात आणि फणीत गुंतलेले असतात, म्हणून धागे फाकवण्याचं काम पायांकडे दिलं. मला ‘पावडा’ या शब्दात ‘पाव’ म्हणजे पाऊलच दिसतं. काही भागांत फावड्याला ‘पावडं’ म्हणतात, त्याच्याशी याची गल्लत होऊ देऊ नका. हा शब्द मागाच्या पाटीवर हवाच. मागांची संख्या घटतेय, तसे हे शब्दही घरातल्या घरात राहून जाताहेत. प्रदर्शनाला येणाऱ्या मुलांनी तो निदान एकदा वाचावा असं मला फार वाटतं.

शिवणयंत्राच्या बाबतीत लोकांनी वेगळीच युक्ती केली. पायाखालच्या भागाला नाव न देता यंत्राच्याच दोन जाती केल्या: हातमशीन आणि पायमशीन. ही मराठीची आवडती पद्धत दिसते. पायाने भाता मारायची पेटी ती पायपेटी. बसून पायाने फिरवायचा कोकणातला रहाट तो पायरहाट. सायकल नवी होती तेव्हा तिला पायगाडी म्हटलं गेलं. पायाने काय चालतं ते मराठीने सांगितलं. पाय नेमका कशावर पडतो हे सांगायची तिला क्वचितच गरज पडली.

आमच्या घरी आईचं पायमशीन होतं, म्हणून त्याबद्दल थोडं जास्त लिहितो. खाली लोखंडी जाळीदार पट्टी, तिचा आस मधोमध. त्यामुळे दोन्ही पावलं ठेवून आधी चवडा, मग टाच, मग चवडा असा झोका द्यायचा. ही पहिल्या प्रकारची तरफ, टेकू मध्ये. पट्टीच्या एका कडेला उभा दांडा, तो मोठ्या चाकाच्या भुजेला जोडलेला, आणि चाकावरून चामड्याची वादी वर यंत्राच्या छोट्या चाकाकडे. झुलणं फिरण्यात बदलतं ते इथे. शिकताना सगळे अडतात ती जागाही हीच. दांडा आणि भुजा एका सरळ रेषेत आल्या की कितीही दाबा, चाक हलत नाही. आणि हललंच तर उलट्या दिशेने, मग दोरा गुंतून तुटतो. म्हणून आई आधी उजव्या हाताने वरचं चाक स्वतःकडे फिरवायची आणि मगच पाय द्यायची. एकदा गती आली की त्या जड चाकाचा जोरच यंत्राला प्रत्येक फेरीत त्या अडलेल्या जागेच्या पार नेतो. शिवणारीच्या पायाला हे कळलं की मशीन आलं. आयझॅक सिंगर यांच्या 1850 च्या दशकातल्या यंत्राला पायाने चालवायची सोय होती, आणि त्यामुळेच कापड सांभाळायला दोन्ही हात सुटले.

सायकलीत हीच अडचण उलट्या बाजूने आली. 1817 मध्ये मानहाइमला कार्ल ड्राइस यांनी दोन चाकांचं जे वाहन चालवून दाखवलं त्याला पायडल नव्हतंच. पाय जमिनीवर मारत पुढे जायचं. 1860 च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला गोल फिरणारं पायडल बसलं. पण कितीतरी वर्षं कारागीर झुलत्या तरफांकडे वळत राहिले. 1880 च्या सुमारास अमेरिकेत ‘स्टार’ नावाची सायकल निघाली, तिचं छोटं चाक पुढे आणि मोठं मागे. दोन तरफा दाबल्या की पट्टे ओढले जात आणि चाकावरचे दाते पकडून ते फिरत. दोन्ही तरफा एकदम दाबता येत, एकाआड एकही. 1892 मध्ये स्वीडनच्या ल्युंगस्ट्रम बंधूंनीही ‘स्वेआ’ नावाची तरफांची सायकल केली. या तरफांत अडलेली जागा नसते, हा त्यांचा मोठा गुण. पण पाय प्रत्येक वेळी खाली थांबवून परत उचलावा लागतो. फिरत्या पायडलात पाऊल थांबतच नाही. 1885 च्या ‘रोव्हर’ सायकलीने साखळी आणि फिरतं पायडल मागच्या चाकाशी जोडलं आणि आपण आजही तीच घडण चालवतो.

मला यात भाषेच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षणीय वाटते. मराठीत सायकल आली ती बहुतांशी हा निकाल लागल्यानंतर. तरफांची सायकल आपल्या रस्त्यांवर बहुधा कुणाला भेटलीच नाही, म्हणून सायकलीपुरतं पायडल म्हणजे फिरणारंच, हा अर्थ मराठीत निखळ राहिला.

भाताच्या यंत्राबद्दल थोडक्यात. तारेचे वळलेले दात बसवलेला आडवा पिंप, खाली फळी, शेतकरी एका पायाने फळी मारतो आणि हातातली पेंढी पिंपावर धरतो. दुकानदार याला ‘पेडल थ्रेशर’ म्हणतात, जरी फळी झुलते, फिरत नाही. ही घडण जपानमधून पसरली, आणि जपानीत तिच्या नावाच्या सुरुवातीला ‘आशिबुमी’ आहे: आशी म्हणजे पाय, आणि पुढचा भाग तुडवण्याचा. पाटीवर ‘पायाने चालवायचं भात मळणीयंत्र’ लिहा. ‘पदचलित’ हे चूक नाही, पण शेतकऱ्याला ते दोनदा वाचावं लागेल. आणि जवळपास ओडिशाचे किंवा बंगालचे पाहुणे असतील तर त्यांना भात कांडायच्या ढेंकीबद्दल विचारा. पायाने एक टोक दाबलं की दुसऱ्या टोकाचं मुसळ उचललं जातं आणि पाय काढला की उखळात पडतं. त्यांच्याकडे ज्या कामाला पाय लावले ते आपल्याकडे बायकांनी हातांनी केलं, म्हणून आपल्याला उखळ-मुसळाचे शब्द भरपूर आहेत.

तर पाट्या मी अशा लिहीन. मागावर ‘पावडा’. छापखान्याच्या यंत्रावर ‘ट्रेडल’. सायकलवर ‘पायडल’. शिवणयंत्रावर नाव ‘पायमशीन’ आणि बाण दाखवून ‘पायपट्टी’. हा शेवटचा शब्द मी सुचवतोय, चालू वापरातला म्हणून सांगत नाही, तेव्हा गावातल्या जुन्या शिंप्यांना आधी विचारा आणि ते दुसरं काही म्हणत असतील तर माझा खोडून त्यांचा लिहा. पायपेटीवर ‘पायपेटी’ एवढंच पुरे, कारण नावातच सगळं आहे. फक्त खाली एक ओळ घाला की आपली हातपेटी हिच्यापासून झाली. एकोणिसाव्या शतकात कोलकात्याला द्वारकानाथ घोष यांनी भाता पायाखालून काढून पेटीच्या मागे हातापाशी आणला, तेव्हा जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या गवयाच्या शेजारी तिला जागा मिळाली.