वाचक विचारतात: मुलांच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमधले बग कोणी आणि कसे काढायचे?

मुलांसाठी मोफत मिळणाऱ्या ओपन सोर्स (म्हणजे ज्याचा मूळ कोड सर्वांना पाहता आणि बदलता येतो अशा) शैक्षणिक सॉफ्टवेअरबद्दल आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे होता: त्यातल्या चुका, म्हणजेच बग, कोण सुधारते आणि आपल्याला त्यात काही हातभार लावता येईल का. त्यांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न: मी पाचवीच्या वर्गाला गणित शिकवते. दशांश अपूर्णांकांच्या सरावासाठी आम्ही एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरतो. एका मुलीने ०.१ + ०.२ या बेरजेचे उत्तर ०.३ लिहिले, तर पडद्यावर ‘चूक’ असे आले. ०.२ + ०.३ चे उत्तर ०.५ मात्र बरोबर धरले गेले. मला प्रोग्रामिंग येत नाही. ही गोष्ट कळवण्याजोगी आहे का, आणि असल्यास कशी कळवावी?

उत्तर: कळवण्याजोगी तर आहेच, माझ्या मते मुलांच्या सॉफ्टवेअरमध्ये याहून गंभीर बग दुसरा नाही. सॉफ्टवेअर मध्येच बंद पडले, तर बिघाड संगणकात आहे हे लहान मुलालाही समजते आणि ते मोठ्या माणसाला हाक मारते. पण बरोबर उत्तर चूक ठरवले गेले, तर मूल तक्रार करत नाही. आपलेच चुकले असे धरून ते लिहिलेले खोडते आणि दुसरे काहीतरी लिहून पाहते. मोठ्यांच्या सॉफ्टवेअरमधला बग वापरणारा माणूस स्वतःच कळवतो, मुलांच्या बाबतीत मात्र हा कळवणाराच नसतो. म्हणून शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकाने ‘थांब, तुझे उत्तर बरोबर आहे’ असे म्हणणे ही दुरुस्तीची पहिली पायरी असते, आणि ती आपण ओलांडलेली आहे.

आपण दिलेल्या दोन उदाहरणांवरून कारणाचा बराच अंदाज बांधता येतो. संगणक संख्या द्विमान पद्धतीने, म्हणजे केवळ ० आणि १ हे अंक वापरून, साठवतो. एक तृतीयांश ही संख्या दशांशात लिहायला घेतली की ३ मागून ३ येतच राहतात. त्याचप्रमाणे एक दशांश ही संख्या द्विमान पद्धतीत कधीच पुरी लिहून होत नाही, त्यामुळे ठरलेल्या जागेत मावेल अशी तिच्या सर्वांत जवळची संख्या ठेवावी लागते. अशा किंचित फरक पडलेल्या दोन संख्यांची बेरीज केली की ०.१ + ०.२ चे उत्तर नेमके ०.३ न येता, ३ च्या पुढे पंधरा शून्ये आणि सतराव्या स्थानी ४ असे येते. प्रोग्रामरने मुलीचे ०.३ आणि ही संख्या तंतोतंत समान आहेत का, असे तपासले असेल, तर उत्तर ‘नाही’ असेच मिळणार. ०.२ + ०.३ मध्ये या बारीक चुका योगायोगाने जुळून येतात आणि उत्तर बरोबर ०.५ निघते. ०.१ + ०.७ देऊन पाहा. कारण हेच असेल, तर तेथे ०.८ हे उत्तरही नाकारले जाईल. बग काही बेरजांत दिसतो आणि काहींत दिसत नाही, म्हणूनच तो वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. त्यावर चांगला उपाय असा, की सॉफ्टवेअरने आतला हिशेब दशांशांच्या पूर्ण संख्येत ठेवावा: १ दशांश आणि २ दशांश मिळून ३ दशांश, आणि दशांशचिन्ह केवळ दाखवताना लावावे. अगदी बारीक फरक माफ करणारी तपासणी लिहूनही काम भागते, पण मुलांच्या गणितात पहिला मार्ग मला अधिक स्वच्छ वाटतो.

कळवण्यासाठी प्रोग्रामिंग यावे लागत नाही. बहुतेक प्रकल्पांची बग नोंदवण्याची जाहीर जागा असते. तिला इश्यू ट्रॅकर म्हणतात. तेथे आधी कोणी हेच लिहिले आहे का ते शोधावे, लिहिले असेल तर त्याच नोंदीखाली आपला अनुभव जोडावा, नसेल तर नवी नोंद करावी. नोंदीत सॉफ्टवेअरची आवृत्ती, संगणक कोणत्या प्रणालीवर चालतो, कोणता सराव, कोणती पातळी, काय टंकले, काय अपेक्षित होते आणि पडद्यावर काय आले, हे जसेच्या तसे लिहावे. ‘बेरजा चुकतात’ या वाक्यावरून स्वयंसेवकाला काहीच करता येत नाही, पण ‘०.१ + ०.२ ला ०.३ चूक, ०.२ + ०.३ ला ०.५ बरोबर’ या एका ओळीवरून अनुभवी माणूस थेट त्या तपासणीपर्यंत पोहोचतो. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी: पडद्याचे छायाचित्र जोडताना त्यात मुलीचे नाव, चेहरा किंवा शाळेचे नाव येऊ देऊ नये, कारण ही नोंद जगातल्या कोणालाही वाचता येते आणि तिच्या प्रती कुठवर जातील यावर आपला ताबा राहत नाही.

प्रश्न: मी संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पायथॉन बऱ्यापैकी येते. मुलांच्या सॉफ्टवेअरमधले बग दुरुस्त करायला मला आवडेल, पण सुरुवात कोठून करावी हे कळत नाही. एक-दोन इश्यूंखाली ‘हे काम मला द्या’ असे लिहिले, उत्तर आले नाही.

उत्तर: प्रकल्प निवडताना तो कोणत्या भाषेत लिहिला आहे हे आधी पाहावे. ‘शुगर’ हे मुलांसाठीचे शिकण्याचे वातावरण मुळात ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ उपक्रमाच्या लॅपटॉपसाठी तयार झाले. २००८ पासून ‘शुगर लॅब्स’चे स्वयंसेवक त्याची देखभाल करतात. ते आणि त्यातल्या बहुतेक ॲक्टिव्हिटी (त्यातले छोटे खेळ आणि सराव) पायथॉनमध्ये आहेत, म्हणून आपल्याला ते सोयीचे पडेल. २ ते १० वर्षांच्या मुलांसाठीचे ‘जीकॉम्प्री’ २००० साली सुरू झाले आणि आज केडीई या मुक्त सॉफ्टवेअर समुदायाच्या छत्राखाली, क्यूटी या प्रोग्रामिंगच्या साधनसंचावर चालते. तेथे जावास्क्रिप्ट आणि सी++ लागेल. चित्रे काढण्याचे ‘टक्स पेंट’ २००२ पासून चालू आहे आणि ते सी भाषेत आहे.

‘हे काम मला द्या’ या वाक्याला उत्तर न येण्याचे कारण उद्धटपणा नाही. प्रकल्प सांभाळणारे मेंटेनर स्वतःही बहुधा फावल्या वेळातच काम करतात, आणि त्या वाक्यातून त्यांच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी बग आपल्या संगणकावर घडवून आणावा आणि ‘या आवृत्तीत, या पायऱ्यांनी हे माझ्याकडेही होते, अमुक फंक्शनमध्ये मला कारण दिसते’ असे लिहावे. ज्या नोंदीत बग पुन्हा घडवण्याची खात्रीची कृती आहे, तिचे निम्मे काम झालेले असते असे मी मानतो, आणि हे निम्मे करायला परवानगी कोणाचीच लागत नाही.

मुलांच्या सॉफ्टवेअरमध्ये बग घडवून आणणे हे वेगळे कौशल्य आहे. आपण मोठी माणसे चित्रावर एकदा क्लिक करतो आणि वाट पाहतो. पाच वर्षांचे मूल खेळ उघडेपर्यंत त्याच चित्रावर क्लिक करतच राहते, टॅब्लेटवर अख्खा तळहात टेकवते, आणि आवाज संपण्याआधीच पुढचे बटण दाबते. ‘कधीकधी दोनदा उघडते’, ‘कधीकधी गुण वजा होतात’ अशा नोंदी पुष्कळदा याच घाईतून आलेल्या असतात. त्या तपासताना सावकाश, नीटनेटके वापरून ‘माझ्याकडे होत नाही’ असे लिहून नोंद बंद करू नये. मुलासारखे वापरून पाहावे.

पायथॉन येणाऱ्यासाठी आणखी एक मोठे क्षेत्र आहे. पायथॉन २ ला मिळणारा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला आणि जुन्या ॲक्टिव्हिटी पायथॉन ३ वर आणाव्या लागल्या. या बदलात सर्वांत फसवी गोष्ट भागाकाराची: पायथॉन २ मध्ये ७ भागिले २ या पूर्ण संख्यांच्या भागाकाराचे उत्तर ३ येई, पायथॉन ३ मध्ये ते ३.५ येते. खेळातली सोंगटी पटाच्या मधल्या घरात ठेवण्यासाठी कोणी जुन्या पद्धतीने भागाकार केला असेल, तर नव्या पायथॉनमध्ये घर क्रमांक ३.५ निघतो आणि सोंगटी दोन घरांच्या मध्ये उभी राहते किंवा प्रोग्रामच बंद पडतो. दुरुस्ती एका चिन्हाची, भागाकाराच्या एका तिरक्या रेघेऐवजी दोन रेघा देण्याची. पण ती कोठे द्यायची आणि कोठे मुळीच द्यायची नाही, हे तो खेळ काय शिकवतो ते समजल्याशिवाय ठरवता येत नाही.

पूर्वी नीट चालणारी गोष्ट मध्येच केव्हातरी बिघडली असेल, तर गिट या कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातली ‘बायसेक्ट’ ही आज्ञा शिकून घ्यावी. ती दर वेळी उरलेल्या बदलांचे दोन भाग करते, त्यामुळे हजार बदलांतला दोषी बदल साधारण दहा तपासण्यांत सापडतो. आणि दुरुस्तीबरोबर तोच बग पकडणारी एखादी चाचणी जरूर लिहावी. पुल रिक्वेस्ट (आपला बदल स्वीकारण्याची विनंती) तपासणाऱ्याचा वेळ तिने वाचतो आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाच्या हातून तोच बग परत येत नाही.

प्रश्न: आम्ही कळवलेला बग दुरुस्त झाल्याचे तीन महिन्यांपूर्वी कळले, पण शाळेतल्या संगणकांवर तो अजून आहे. असे का?

उत्तर: दुरुस्ती प्रथम मूळ कोडमध्ये जाते, मग पुढची आवृत्ती निघते, आणि त्यानंतर ती आपल्या लिनक्स वितरणाच्या, म्हणजे लिनक्स प्रणाली आणि तिच्यावरचे सॉफ्टवेअर एकत्र पुरवणाऱ्या संचाच्या, पॅकेजपर्यंत पोहोचते. डेबियनच्या स्थिर आवृत्तीसारख्या वितरणांत पॅकेजे मुद्दाम गोठवलेली असतात. सुरक्षेच्या आणि अतिगंभीर दुरुस्त्या सोडल्या तर नवे काही येत नाही. प्रकल्पाच्या संकेतस्थळावर नवी आवृत्ती थेट उतरवून घेण्याची सोय आहे का ते पाहावे, आणि तोवर तो सराव वर्गात वापरू नये.

प्रश्न: मी भाषेची निवृत्त शिक्षिका आहे. नातवाच्या शब्दखेळात ‘पुस्तक’ या शब्दासाठी सहा चौकटी येतात आणि एका चौकटीत नुसता उकार गोल ठिपक्यांसह दिसतो. हे कोणाला सांगावे?

उत्तर: त्या खेळाच्या इश्यू ट्रॅकरवरच सांगावे, आणि आपल्यासारख्या व्यक्तीची तेथे खरी गरज आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या जागतिक प्रमाण पद्धतीत, ‘पुस्तक’ हा शब्द प, उकार, स, हलन्त, त, क अशा सहा संकेतांनी साठवला जातो आणि खेळ लिहिणाऱ्याने संकेत म्हणजेच अक्षर असे समजून चौकटी आखल्या आहेत. संकेतांचे गट पाडण्याचे युनिकोडचे प्रमाण नियम आहेत, पण जुन्या नियमांनीही पु, स्, त, क असे चार गट पडत. देवनागरी जोडाक्षर अखंड ठेवणारा नियम सप्टेंबर २०२३ मधल्या १५.१ या आवृत्तीत आला. त्यानुसार पु, स्त, क अशा तीनच चौकटी व्हायला हव्यात.

आपण नोंद करताना पंचवीस-तीस शब्द आणि प्रत्येकापुढे त्याची अक्षरे सुटी करून द्यावीत: विद्यार्थी म्हणजे वि, द्या, र्थी, सूर्य म्हणजे सू, र्य, दुसऱ्या म्हणजे दु, स, ऱ्या. प्रोग्रामर ही यादी जशीच्या तशी चाचणी म्हणून वापरतो, आणि मराठी न येणाऱ्या स्वयंसेवकालाही मग दुरुस्ती करता येते. ‘दुसऱ्या’सारखे शब्द तर आवर्जून द्यावेत. त्यातला अर्धा र दोन निरनिराळ्या प्रकारे साठवता येतो आणि दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात. मुलाच्या कळफलकाने एक प्रकार दिला आणि खेळात दुसरा ठेवलेला असला, तर अचूक लिहिलेला शब्द चूक ठरतो. पहिल्या पत्रातल्या दशांशांसारखेच हे प्रकरण आहे, फक्त येथे मूल शुद्धलेखनात स्वतःला कच्चे समजू लागते. ज्या भाषांत हा अर्धा र नाही, त्यांच्या चाचण्यांत हा बग कधीच सापडणार नाही.

प्रश्न: माझा चौदा वर्षांचा मुलगा अशा कामात भाग घेऊ शकेल का?

उत्तर: अवश्य. १३ ते १७ वयाच्या मुलांसाठी गुगलची ‘कोड-इन’ स्पर्धा २०१० पासून २०२० पर्यंत चालली आणि शुगर लॅब्ससारख्या संस्थांची कितीतरी छोटी कामे त्या वयाच्या मुलांनी पार पाडली. स्पर्धा आता नसली तरी कामाची पद्धत तीच आहे. गिटहब या प्रकल्पांचा कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर खाते उघडायला किमान १३ वर्षे पूर्ण असावी लागतात; खात्यावर त्याचे वय, शाळा आणि छायाचित्र देऊ नये, आणि सुरुवातीचे काही महिने तेथला पत्रव्यवहार आपण सोबत बसून वाचावा. लहानपणी त्याने स्वतः खेळलेला एखादा खेळ त्याला निवडू द्यावा आणि पहिले काम म्हणून जुन्या, पडून राहिलेल्या नोंदी तपासायला सांगावे: हा बग आजच्या आवृत्तीत अजून होतो का, होत असल्यास कोणत्या पायऱ्यांनी. मेंटेनरना या कामाला सवड मिळत नाही, आणि चौदा वर्षांच्या मुलाला ते मोठ्यांइतकेच चांगले जमते.