नमकीन-बिस्किटं सुटत नाहीत, यात चूक खाणाऱ्याची की कंपन्यांची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला राहता, घरात चौघं. पोह्यांवर सेव, चहाबरोबर बिस्किटं, सहा वर्षांच्या मुलाला रोज एक पाकीट हवंच, वडिलांना बीपी. वहिनी म्हणतात तुमचा जिभेवर ताबा नाही. तुम्ही म्हणता कंपन्या मालच तसा बनवतात. बरोबर कोण?

पाकीट फुटल्यानंतरचं बोलत असाल तर तुम्ही. पाकीट घरात येण्याआधीचं बोलत असाल तर वहिनी.

आधी तुमची बाजू. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांच्या गटाने २० जणांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं, ताजं शिजवलेलं. ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, चरबी, मीठ, चोथा हे सगळं दोन्हीकडे जुळवलेलं होतं. हवं तेवढं खा, एवढीच सूचना. तीच माणसं तयार अन्नावर रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊ लागली आणि दोन आठवड्यांत सरासरी ९०० ग्रॅमने वाढली. ताज्या जेवणावर वजन साधारण तेवढंच उतरलं. आता या वीस जणांची इच्छाशक्ती काही दर दोन आठवड्यांनी बदलत नव्हती. तयार अन्न ते भराभर खात होते, हेही त्यात मोजलं गेलं. मऊ, कोरडं, थोड्या घासांत जास्त कॅलरी असलेलं खाणं, पोट भरल्याची जाणीव व्हायच्या आत संपतं.

म्हणून ‘दोनच खा’ हा सल्ला मला निरुपयोगी वाटतो. डबा उघडा असताना कोणी जिंकत नाही.

कंपन्यांचा दुसरा दोष लेबलात आहे, आणि तो नियमात बसवून केलेला आहे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. मग साखर एका नावाने न घालता थोडी साखर, थोडं इन्व्हर्ट सिरप, थोडं लिक्विड ग्लुकोज असं केलं की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं. ती सगळी मनातल्या मनात एकत्र करा. पुढे ‘प्रति सर्व्हिंग’ हा रकाना. पाकीट ६० ग्रॅमचं आणि सर्व्हिंग १५ ग्रॅमचं, म्हणजे छापलेल्या आकड्याच्या चौपट पोटात जातं. तो रकाना सोडा, १०० ग्रॅमचाच वाचा. ग्रॅममधल्या साखरेला ४ ने भागलं की चमचे मिळतात. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ: ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ, आणि मोठ्या माणसाची दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम. दिवसाच्या गरजेच्या टक्क्यांचा रकाना तर मुलासाठी वापरूच नका. तो २००० कॅलरी खाणाऱ्या मोठ्या माणसावर बेतलेला असतो. सहा वर्षांच्या मुलाला १४०० च्या आसपास लागतात. तिथे छापलेले १५ टक्के त्याच्यासाठी २० च्या पुढे जातात.

पाकिटाच्या दर्शनी भागावरचं ‘मल्टिग्रेन’, ‘आटा’, ‘बेक्ड’ वाचण्यात वेळ घालवू नका. मागे पहिल्या तीन नावांत मैदा, साखर आणि पाम तेल असेल तर पुढे काहीही लिहिलेलं असो, ते गोड बिस्किटच आहे.

पण आपल्या इंदूरचा घोळ वेगळा आहे. इथे घरात येणारं निम्मं नमकीन मोठ्या कंपनीचं नसतंच. गल्लीतल्या दुकानातून पाव किलो, अर्धा किलो तोलून येतं. सुट्या मालावर लेबलही नाही, त्यामुळे शिव्या द्यायला कंपनीही नाही. तेव्हा अंदाज स्वतः बांधायचा. १०० ग्रॅम सेवेत साधारण ५५० कॅलरी आणि ३५ ते ४० ग्रॅम तेल. दोन मुठी, म्हणजे ५० ग्रॅम, खाल्ली की तेल न लावलेल्या तीन फुलक्यांइतक्या कॅलरी झाल्या, आणि नंतर जेवायचं आहेच. सेव जितकी बारीक तितकी ती तेल जास्त धरते. कढई नीट तापलेली नसताना पाडलेली सेवही तेल पिते. बोटांत चुरून कागदावर ठेवा, दहा मिनिटांत डाग किती पसरतो ते दिसतं.

पोह्यांना मात्र उगाच बदनाम करू नका. ठेल्यावरचे इंदुरी पोहे वाफेवर धरलेले असतात, त्यात तेल बेताचं असतं. भार वाढतो तो वरून पडणाऱ्या सेवेने, जीरावण या खारट मसाल्याने आणि शेजारच्या जिलबीने. घरी सेव एक चमचा आणि दाणे, डाळिंब, कांदा भरपूर, असं केलं की चव फारशी हलत नाही.

सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात पंधरवड्यातून एकदा जाऊन गराडू (तळलेला कंद) आणि भुट्ट्याचं कीस खाल्लं तर मी त्याला दोष देणार नाही. तिथे फक्त कढईतलं तेल बघा: काळं, चिकट, वर फेस धरणारं, धूर सोडणारं असेल तर पुढच्या ठेल्यावर जा. तळणीच्या तेलात ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापून तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते फेकायचं, असा नियम २०१८ पासून आहे. गिऱ्हाइकाकडे मोजायचं यंत्र नसतं, एवढ्या खुणाच असतात. घरीही तळणीचं उरलेलं तेल गाळून एक-दोन दिवसांत भाजीला संपवा, पुन्हा तळायला घेऊ नका.

आता वहिनींची बाजू, म्हणजे तुमच्या हातातलं. निर्णय किराण्याच्या यादीत घ्या, कारण ती जेवण झाल्यावर शांतपणे लिहिता येते. नमकीन महिन्याचं एकदम भरू नका. आठवड्याला चौघांत २०० ग्रॅम, संपलं की पुढच्या रविवारपर्यंत नाही. मोठं पाकीट स्वस्त पडतं हे खरं, पण ते तेवढ्याच दिवसांत संपतं, त्यामुळे बचतीचा हिशेब फसतो. डबा वरच्या फळीवर लपवूनही उपयोग नाही, सगळ्यांना फळी माहीत असते. तेल चौघांना महिन्याला २ लिटर. पिंप आणलं असेल तर पहिल्या तारखेला तेवढंच वेगळ्या बरणीत काढा. मुलाला एकदम बंदी केलीत तर तो शेजारी जाऊन खाईल. शाळेतून आल्यावरच्या पहिल्या दहा मिनिटांत फुटाणे-गूळ, केळं किंवा शेंगदाणे समोर असले की पाकिटाची मागणी बरीच ढिली पडते. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी-साखर-मिठाचे पदार्थ विकायला २०२० च्या नियमांनी बंदी आहे. पालकसभेत हे काढा.

सरकारला मात्र मी सोडणार नाही. ब्रिटनने २०१६ मध्ये जाहीर केलं की १०० मिलिलिटरमागे ५ ग्रॅम किंवा जास्त साखर असलेल्या शीतपेयांवर २०१८ पासून कर लागेल. बऱ्याच कंपन्यांनी कर लागू होण्याआधीच साखर उतरवली. एकाही गिऱ्हाइकाला इच्छाशक्ती वाढवावी लागली नाही. आपल्याकडे सप्टेंबर २०२५ मध्ये गोड फसफसत्या पेयांवर जीएसटी ४० टक्के केला आणि त्याच दिवशी बिस्किटं, चॉकलेट, नमकीन, नूडल्स ५ टक्क्यांवर आणले. पदार्थ तब्येतीला कितपत बरा हे सांगणारे तारे पाकिटाच्या पुढच्या बाजूला छापायचा मसुदा तर २०२२ चा आहे.

वडिलांचं शेवटी. जीरावण, पापड, लोणचं, नमकीन हे चारही एका दिवशी नकोत. वरणाचं मीठ कमी करण्याआधी यांतले दोन कमी करा, फरक जास्त पडतो. जीरावणात काळं मीठ असतं आणि त्यातही सोडियम आहेच. बाजारातलं ‘लो सोडियम’ मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर ते रक्तात साठून हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. गोळ्यांची चिठ्ठी सोबत घेऊन जा.